विवराचे वय आणि सृष्टीची कथा

1998 साली प्रस्तुत लेखकाने ‘सहा दिवस, सहा युगे’ या मथळ्याचा एक लेख लिहिला होता. आपल्या समाजातील एका नियतकालिकात तो छापून आला. काही वाचकांनी पत्रे लिहून तो आवडल्याचे कळविले. पुढे त्याच्या छायाप्रती निघाल्या आणि बुलढाणा जिल्ह्यातील एका धर्मग्रामात तो धर्मशिक्षणाच्या वर्गात पुष्कळ वर्षे वाचून दाखविला जात असे. लेखकाला हे ठाऊक होते आणि, खरे सांगायचे तर, त्याचा अभिमानही होता. आज त्याच लेखाचे परीक्षण करावयाचे आहे. स्वतःच्या जुन्या लिखाणाची समीक्षा स्वतःच करणे हा प्रकार वाचकांना थोडा विचित्र वाटेल. परंतु दुसऱ्या कुणाचा लेख हाती घेतला असता तर त्याची जी भीड बाळगावी लागली असती, ती येथे बाळगण्याचे कारण नाही. शिवाय तो लेख एकटा नव्हे. त्या जातीचे लेखन आपल्या मराठी ख्रिस्ती पानांतून गेली कित्येक दशके होत आले आहे आणि पुस्तिकांच्या रूपाने अजूनही घरोघर पोहोचते. प्रस्तुत लेख त्या कुळातील एक मासला म्हणून पाहावा.

लेखाची मांडणी साधी होती. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सहा दिवस म्हणजे भूगर्भशास्त्रातील सहा महायुगे, असे त्यात एका कोष्टकाने दाखविले होते. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे ज्या लाव्हाच्या थरांवर आपण वऱ्हाडात शेती करतो तो, तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात बसविला होता. आणि जिल्ह्याचे भूषण असलेले लोणारचे विवर सहाव्या दिवसाच्या अखेरीस. त्या काळी लोणारचे वय सुमारे 52 हजार वर्षे असल्याचे संशोधन नुकतेच प्रसिद्ध झाले होते. 52 हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर माणूस होता. तेव्हा आकाशातून पडलेला हा अग्नी माणसाने पाहिला असेल, आणि सदोम नगरीवर वर्षलेल्या अग्नीची आठवण तरी दुसरी कशाची असणार, असा लेखाचा कळस होता. ते वाक्य लिहिताना लेखणी किती आनंदाने धावली होती ते आजही आठवते.

2011 साली ‘जिऑलॉजी’ या शास्त्रीय नियतकालिकात जूर्दां व त्यांच्या सहकाऱ्यांचा लोणारविषयीचा शोधनिबंध आला. आघाताच्या वेळी वितळलेल्या खडकातील आर्गॉन वायूचे प्रमाण मोजून त्यांनी विवराचे वय 5 लाख 70 हजार वर्षे ठरविले, 47 हजार वर्षे इकडे वा तिकडे. खडकात पोटॅशियमचा एक प्रकार असतो. त्याचे अतिशय संथ गतीने आर्गॉनमध्ये रूपांतर होत असते. खडक पुरता वितळला की साठलेला आर्गॉन निसटून जातो आणि घड्याळ जणू पुन्हा शून्यावर येते. त्यानंतर किती आर्गॉन नव्याने साठला हे मोजले की घड्याळ वाचता येते. आधीचे 52 हजारांचे अनुमान वेगळ्या पद्धतीने, खनिजे तापविल्यावर त्यांतून निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेले होते. नवे अनुमान त्याच्या दहापटींहून अधिक निघाले. आपल्यासारख्या माणसाचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे, मोरोक्कोतील आहेत. म्हणजे लोणारचा अग्नी पाहणारा, त्याची आठवण मनात ठेवणारा आणि ती पुढच्या पिढीला सांगणारा आपल्यासारखा कोणी तेव्हा असल्याचा पुरावा नाही. लेखाचा कळस कोसळला, आणि कळसाबरोबर कोष्टकही.

हे लेखकाच्या ध्यानात आपोआप आले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. त्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची मुलगी भूगर्भशास्त्र शिकत होती. सुट्टीत घरी आली असता धाकट्या भावाच्या धर्मशिक्षणाच्या वहीत तिला तो लेख सापडला. ती भेटायला आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “काका, हे वर्गात अजून वाचतात का?” एवढेच तिने विचारले. वाचतात, असे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मी नववीत असताना हे पाठ केलं होतं. पुढे खरं वय कळलं तेव्हा वाटलं, वर्गात शिकवलेलं बाकीचंही असंच असेल का?”

या प्रश्नातील ‘बाकीचंही’ हा शब्द लेखकाला फार दिवस छळत राहिला. बाकीचे म्हणजे काय? पर्वतावरील प्रवचन, क्रूस, रिकामी कबर. विवराच्या वयाशी या गोष्टींचा कसलाही संबंध नव्हता. तो संबंध लेखाने जोडला. एका मापनाच्या आकड्याला श्रद्धेची मोळी बांधली आणि आकडा सरकल्यावर मोळी सुटली. आपल्या तरुण मुलांच्या श्रद्धेला विज्ञानाने धोका पोहोचविला अशी तक्रार धर्मग्रामांतून वारंवार ऐकू येते. निदान या एका प्रकरणी तरी धोका विज्ञानाने पोहोचविला नव्हता. तो आमच्या लेखणीने पोहोचविला होता.

आता या जातीच्या लेखनाचा साहित्य म्हणून विचार करू. त्याचे पहिले लक्षण असे की, ते विज्ञानाविरुद्ध कधीच बोलत नाही. उलट विज्ञानाचे तोंड भरून कौतुक करते. त्याला विज्ञानाकडून प्रशस्तिपत्र हवे असते. पवित्र शास्त्रात तीन हजार वर्षांपूर्वी जे लिहिले गेले ते आज शास्त्रज्ञांनी मान्य केले, हा त्याचा धृवपद. लेखकाचा हा आवेश श्रद्धेचा वाटतो. परंतु जरा खोल पाहिले तर त्याच्या तळाशी भय असते. प्रयोगशाळेचा शिक्का मिळाल्याखेरीज देवाचे वचन उभे राहणार नाही, हे ते भय.

दुसरे लक्षण म्हणजे अडचणीच्या जागी डोळे मिटणे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी. वनस्पती तिसऱ्या दिवशी, म्हणजे सूर्याच्या आधी. युगांचे कोष्टक करणाऱ्या प्रत्येकाची येथे पंचाईत होते. आमच्या लेखात ती अशी मिटविली होती: सूर्य आधीपासून होताच, पण दाट ढगांमुळे चौथ्या युगापर्यंत तो दिसत नव्हता. मूळ मजकुरात ढगांचा उल्लेख नाही. म्हणजे वचनाचे रक्षण करण्यासाठी आम्ही वचनात नसलेले ढग आणून घातले. ज्या लेखकाला शब्दाचा आदर आहे असे आपण समजतो, त्याने शब्दाशी इतकी मनमानी करावी! पुन्हा दुसऱ्या अध्यायात निर्मितीची आणखी एक कथा येते. तिच्यात माणूस आधी घडतो आणि झाडे-प्राणी नंतर. ज्या संकलकांनी या दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवल्या त्यांना हा फरक दिसत नव्हता असे समजणे म्हणजे त्यांना आपल्याहून मंद समजणे होय. त्यांना तो दिसत होता. त्यांना कोष्टक करायचे नव्हते, इतकेच.

ही सवय किती खोल गेली आहे याचा प्रत्यय जून 2020 मध्ये आला. लोणारच्या सरोवराचे पाणी त्या महिन्यात एकाएकी गुलाबी झाले. महामारीचा काळ, लोक घरांत कोंडलेले. निर्गमाच्या पुस्तकात नाईल नदीचे पाणी रक्त झाले, त्याची आठवण देणारा एक संदेश भ्रमणध्वनीवरून प्रस्तुत लेखकापर्यंतही आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव फोफावले, असे निष्पन्न झाले. ते जीव तळाशी बसल्यावर नमुन्यातील पाणी पुन्हा नितळ दिसू लागले. संदेश पाठविणाऱ्यांनी मात्र दुसरा संदेश पाठविला नाही. 1998 च्या लेखानंतर आम्हीही तेच केले होते, म्हणून त्यांना नावे ठेवत नाही.

मग तो अध्याय वाचायचा तरी कसा? लोणारमध्येच या प्रश्नाचे उत्तर शोधता येईल असे आता वाटते, कारण त्या गावाला स्वतःची एक कथा आहे. विवराच्या जागी भूमीखाली लवणासुर नावाचा दैत्य राहत असे. विष्णूने दैत्यसूदन रूपाने येऊन पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचे झाकण उडविले व त्याचा वध केला, अशी ती कथा. गावात दैत्यसूदनाचे प्राचीन, कोरीव कामाने भरलेले मंदिर आहे. खारे पाणी, अचानक खचल्यासारखी गोल खोल जागा, तिच्याभोवती वर उचललेला काठ, यांतले काहीही त्या कथाकाराच्या नजरेतून सुटलेले नाही. वरून काहीतरी फार मोठ्या बळाने आले, हेही त्याने ओळखले! भूवैज्ञानिकांना हे ओळखायला बराच काळ लागला. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ दीड शतक ते ज्वालामुखीचे मुख समजले जात होते. 1896 साली जी. के. गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य हेरले. पण ॲरिझोनाचे ते विवरही त्याला भूगर्भातील वाफेच्या स्फोटाचेच वाटले. 1973 साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पुरावा मांडला: विवराच्या तळातील खडकांत स्फटिकांची काच झालेली होती, आणि अशी काच केवळ प्रचंड आघातानेच होते. उल्कापाताचा सिद्धांत तेव्हा पक्का झाला.

म्हणून लवणासुराची कथा विज्ञानाचे भाकीत होती, असे म्हणायचे का? तसे म्हणणारे आहेतही. आपण मात्र त्या वाटेने जाऊ नये. कारण मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच उरेल की, त्यांचे कोष्टक त्यांच्या पुराणाचे आणि आपले आपल्या. कथा जे सांगते ते वेगळे आहे. जगात उपद्रव देणारे बळ आहे आणि देव त्याच्याशी झुंजून त्याला हरवतो, हे तिचे सांगणे.

आता बाबिलोनकडे पाहू. यहुदी लोक जेथे बंदिवासात राहिले त्या देशाची सृष्टिकथाही युद्धाचीच आहे. मार्दुक देव तिआमत नावाच्या जलराक्षसीला मारतो आणि तिच्या देहाचे दोन तुकडे करून आकाश व पृथ्वी घडवितो. उत्पत्तीचा पहिला अध्याय आज आपल्याला ज्या रूपात मिळाला आहे, ते रूप बंदिवासाच्या काळात किंवा त्याच्या आसपास घडले असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे ध्यानात घेऊन तो अध्याय पुन्हा वाचावा. तेथे खोल पाणी आहे, अंधार आहे. पण दैत्य नाही. झुंज नाही, रक्त नाही. देव बोलतो आणि होते. सूर्य आणि चंद्र यांची तर नावेही लेखक घेत नाही, मोठी ज्योती आणि लहान ज्योती एवढेच म्हणतो. कारण सूर्य व चंद्र हे बाबिलोनचे मोठे देव होते आणि त्यांना तो दिव्यांच्या ओळीत टांगून ठेवीत होता. सूर्य चौथ्या दिवशी का, या कोड्याचे उत्तर ढगांत नाही. ते येथे आहे. ज्या लोकांचे मंदिर जाळले गेले, राजाचे डोळे काढले गेले, ज्यांना परक्या देवांच्या मिरवणुका रोज पाहाव्या लागत, त्यांना त्यांचा कोणी कवी सांगत होता की, या देवांना भिऊ नका, हे आपल्या देवाने लावलेले दिवे आहेत.

आमच्या 1998 च्या लेखात यातले एक अक्षर नव्हते. बंदिवानांचे धैर्य आम्ही खडकांच्या यादीशी बदलून टाकले होते. तो तोटा विज्ञानाचा नव्हे, श्रद्धेचाच होता आणि साहित्याचाही. तो अध्याय रचनेने स्तोत्राच्या जवळचा आहे. पहिले तीन दिवस जागा तयार होतात, पुढचे तीन दिवस त्या जागा भरतात. संध्याकाळ आणि सकाळ यांचे पालुपद येत राहते. चांगले असल्याची ग्वाही सात वेळा येते. ख्रिस्तसभेने या अध्यायाला जी जागा दिली आहे तीही पाहण्यासारखी आहे. ईस्टरच्या जागरणात, देवळातील दिवे मालवलेले असताना आणि पास्काच्या मेणबत्तीवरून प्रत्येकाच्या हातातील मेणबत्ती पेटत गेल्यावर, पहिले वाचन असते ते याच अध्यायाचे. अंधारात प्रकाश होतो तेव्हा हे शब्द ऐकायचे आहेत. धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने ते तसे ऐकलेले आहेत. आमच्यापैकी कितीजणांना वर्गातील कोष्टक आणि त्या रात्रीचे वाचन हे एकाच अध्यायाचे आहेत याची आठवण राहते?

कोणी म्हणेल की, हे सारे नव्या काळाला भिऊन काढलेले नवे अर्थ आहेत. तसे नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवरील आपल्या मोठ्या भाष्यात हे दिवस सूर्याने मोजायचे दिवस नव्हेत असे म्हटले. त्याच ग्रंथात त्यांनी बजावले की, पृथ्वी-आकाशाविषयी ज्या गोष्टी अख्रिस्ती माणसालाही अनुभवाने ठाऊक असतात त्यांविषयी ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा हवाला देऊन भलतेसलते बोलणे लाजिरवाणे आहे. कारण ऐकणारा मग पुनरुत्थानाविषयीही आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या त्या मुलीचे ‘बाकीचंही’ सोळाशे वर्षे आधी कोणीतरी ऐकले होते. पुढे गॅलिलिओने 1615 साली आपल्या बचावात याच ग्रंथाचा आधार घेतला. त्याचे कोणी ऐकले नाही, हा ख्रिस्तसभेच्या इतिहासातला डाग आहे, आणि 1992 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या प्रकरणात झालेली चूक उघडपणे मान्य केली. शास्त्रातील साहित्यप्रकार ओळखून अर्थ लावावा, असे पोप पायस बारावे यांनी 1943 साली आणि दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने 1965 साली सांगितले. आमचा लेख ज्या वर्षी छापला गेला त्याच 1998 च्या सप्टेंबरात श्रद्धा व बुद्धी यांवरचे ‘फिदेस एत रात्सिओ’ हे विश्वपत्र निघाले. लेखकाने ते तेव्हा वाचले नव्हते. त्याचा उल्लेख मात्र पुढच्याच लेखात केला होता!

आपल्या मराठीत तर या विषयाचा आरंभ फार चांगला झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे 1616 साली छापले गेले. कोपर्निकसच्या ग्रंथावर रोममध्ये बंदी आली तेही 1616 साली, मार्च महिन्यात. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मनात राहतो. स्टीफन्स निसर्गाकडे पाहणारे गृहस्थ होते. 1579 साली गोव्याला पोहोचल्यावर त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पूर्व-पश्चिम प्रवासात आकाशात एकही स्थिर बिंदू नसल्यामुळे जहाजाची जागा ठरविणे किती कठीण होते, होकायंत्राची सुई कशी ढळते, याचे वर्णन त्यात आहे. धर्मप्रसारासाठी निघालेला तिशीच्या आसपासचा तरुण असे पत्र लिहितो, हे विशेष आहे.

त्याच माणसाने पुढे सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला आणि त्याला नाव दिले ‘पुराण’. हा शब्द त्यांनी सहज निवडला नसावा. बखर, इतिहास, शास्त्र हे शब्द मराठीत होते. पुराण म्हणजे संध्याकाळी एकत्र बसून ऐकायची, देवाच्या करणीची कथा. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांची ती भूक त्यांनी ओळखली. येथे एक सावधगिरी हवी. स्टीफन्स यांनी उत्पत्तीचे दिवस रूपक मानले होते असे म्हणणे म्हणजे आपला विचार त्यांच्या तोंडी घालणे होईल. ते आपल्या काळाचेच होते. आदाम व हव्वा यांची कथा त्यांनी घडलेली हकीकत म्हणूनच सांगितली. परंतु सांगताना त्यांनी जो घाट निवडला त्याने त्यांच्या मतापलीकडे काम केले. ‘क्रिस्तपुराणा’तील सृष्टीची कथा आज ऐकताना कोणी मध्येच उठून किती वर्षांपूर्वी असे विचारीत नाही. आमच्या कोष्टकाविषयी तेवढा एकच प्रश्न विचारता येत होता. तीनशे ब्याऐंशी वर्षांत आम्ही ओवीकडून कोष्टकाकडे आलो, याला प्रगती म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

कोष्टकाचा मोह मोठ्यांनाही होतो, हे सांगितल्यावाचून आमच्या लेखाला न्याय मिळणार नाही. विश्व एका अतिघन आरंभापासून प्रसरण पावत आले, ही कल्पना 1927 आणि 1931 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 च्या नोव्हेंबरात पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या आरंभाची सांगड ‘प्रकाश होवो’ या वचनाशी घातली. साऱ्या ख्रिस्ती जगाला आनंद झाला, लमेत्र यांना झाला नाही. आपला सिद्धांत हा सिद्धांत आहे, उद्या तो बदलेल. देवाची श्रद्धा त्याच्यावर उभी करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांमार्फत ते पोपपर्यंत पोहोचले आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी ती सांगड पुन्हा घातली नाही. स्वतःच्या सिद्धांताला धर्माचे प्रशस्तिपत्र मिळत असताना ते नाकारणारा धर्मगुरू, आणि ऐकून घेणारे पोप. या प्रसंगावर मराठीत एखादे चांगले नाटक होऊ शकेल.

लमेत्र यांचा हा सल्ला आपल्याला मराठीत विशेष उपयोगी आहे. महास्फोटाच्या सिद्धांताचे जगातले सर्वांत चिवट टीकाकार आपल्या मराठीतलेच होते: डॉ. जयंत नारळीकर. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी विश्वाला आरंभ नसल्याचा पक्ष लढविला, आणि 1965 साली आकाशातील पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुतेकांनी तो सोडला तरी 1993 साली नव्या रूपात पुन्हा मांडला. महास्फोट म्हणजेच उत्पत्तीचा पहिला दिवस असे आपण धरले असते तर नारळीकर आपल्या श्रद्धेचे विरोधक ठरले असते! प्रत्यक्षात त्यांचे भांडण एका सिद्धांताशी होते आणि ते अत्यंत सभ्य भांडण होते. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद येथे 93 व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, आणि लगेच पुढच्या, डिसेंबर 2021 मधील नाशिकच्या 94 व्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. नारळीकर. मराठी वाचकाने धर्मगुरूनंतर शास्त्रज्ञाला त्याच आसनावर बसविले आणि त्याला त्यात काही विसंगत वाटले नाही. 2024 च्या जुलैत फादर गेले, 2025 च्या मे महिन्यात नारळीकर. या दोघांना समोरासमोर बसवून कोणी श्रद्धा व विज्ञान यांवर बोलते केले असते तर आपल्या पानांना वाचण्यासारखे काही मिळाले असते. आपण तेव्हा काय छापत होतो?

आपल्याच घरची माणसेही आपण अशीच दुर्लक्षिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतींचा जो मोठा संग्रह आहे त्याला फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटांचे नाव आहे. त्यांच्यानंतरचे फादर हर्मेनेगिल्ड सान्तापाऊ जन्माने स्पॅनिश, पण त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि 1961 पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते संचालक होते. या माणसांनी गवताची पाती भिंगाखाली धरून मोजली, पहाटे मिस्सा केली, आणि या दोहोंचे कोष्टक मांडण्याची गरज त्यांना भासली नाही. व्हॅटिकन वेधशाळेकडे उल्कापाषाणांचा हजाराहून अधिक तुकड्यांचा संग्रह आहे. 2025 पासून त्या वेधशाळेचे संचालकपद गोवा प्रांताचे जेझुइट फादर रिचर्ड डिसूझा यांच्याकडे आहे. दीर्घिकांचे परस्परांत विलीन होणे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. यांच्यापैकी एकावरही प्रस्तुत लेखकाने आजवर ओळ लिहिली नव्हती, आणि सदोम व लोणार यांवर मात्र चार पाने!

त्या मुलीने गेल्या हिवाळ्यात वर्गातील मुलांना लोणारला नेले. लेखकही बरोबर होता. काठावरून तळ्यापर्यंत उतरायला मुलांना वेळ लागला नाही, आम्हाला लागला. खाली कमळजा देवीच्या मंदिराजवळ सावलीत बसून तिने त्यांना आर्गॉनचे घड्याळ समजावून सांगितले. एका मुलाने विचारले, हे वय तरी पक्के का? ती म्हणाली, आज हातात आहे त्यात सर्वांत भरवशाचे. अजून मोजणे चालू आहे. मग दुसऱ्याने विचारले, दगड पडला तेव्हा देव कुठे होता? तिने लेखकाकडे पाहिले. उत्तर देण्याची पाळी आपली आहे हे समजले, आणि पंचवीस वर्षांपूर्वी लगेच सुचले असते तसे या वेळी काही सुचले नाही. “आता आहे तिथेच,” एवढे म्हटले. मुलगा विचार करीत दगड गोळा करू लागला. वनखात्याच्या रखवालदाराने त्याला ते परत ठेवायला लावले.

वर्गातील छायाप्रती काढून घेतल्या आहेत. नियतकालिकाच्या बांधीव खंडातील मूळ लेख तसाच राहू दिला. छापलेले नष्ट करू नये. समासात ‘52 हजार’च्या समोर पेन्सिलीने ‘5 लाख 70 हजार, 2011’ असे लिहिले आहे, आणि खाली आणखी एका ओळीपुरती जागा सोडली आहे.